कोहळ्याच्या खोलीचं कुलूप

प्रति,
मा. पीठासीन अधिकारी,
ज्येष्ठ नागरिक निर्वाह न्यायाधिकरण,
उपविभागीय कार्यालय.

अर्जदार : श्रीमती वच्छला खुशालराव ढोके, वय ६९, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका,
रा. मौजे बोरखडी खुर्द, ता. भातकुली, जि. अमरावती.
हल्ली मुक्काम : आदेशाप्रमाणे बदलता.

विषय : माझ्या राहत्या खोलीचे सील काढून मिळणे, तसेच मला मुलगा व मुलगी यांच्या ताब्यात पाळीपाळीने देण्याचा आदेश रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाने स्वतःहून दखल घेऊन काढलेला निर्वाह आदेश.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. तिन्हींची पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

१) उपरोक्त विषयी नम्रपणे लिहिते की हा माझा चौथा अर्ज आहे. पहिले तीन मी थोडक्यात लिहिले होते. आवक शाखेतले बाबू म्हणाले की आधीचे साहेब बदलून गेले, नव्या साहेबांना प्रकरण मुळापासून ठाऊक नाही, तेव्हा सविस्तर लिहा. म्हणून सविस्तर लिहिते. तेहतीस वर्षे अंगणवाडीचे मासिक अहवाल लिहिले, त्यामुळे कार्यालयीन भाषा हाताला आहे. मधूनच घरची बोली आली तर सांभाळून घ्यावे. थकल्यावर माणसाच्या तोंडून घरचंच निघतं.

२) प्रकरण एका सिनेमामुळे उद्भवले आहे. आकांक्षा नावाची अमरावतीची मुलगी पुण्याला सिनेमाचे शिक्षण घेऊन आली होती. लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट आपणांसही लहानपणी कोणीतरी सांगितली असेल. वाटेत वाघ भेटतो, म्हातारी त्याला म्हणते की आता मी हाडाची काडी आहे, लेकीकडून धष्टपुष्ट होऊन येते मग खा, आणि येताना भोपळ्यात बसून वाघाला फसवून निघून जाते. पुस्तकात भोपळा आहे. आमच्याकडे पोरं त्याला कोहळं म्हणतात. ही गोष्ट मी अंगणवाडीत इतक्या वेळा सांगितली की पोरं माझ्या आधी वाघाचा आवाज काढत. आकांक्षा म्हणाली, आजी, हीच गोष्ट मला मोठ्या माणसांसाठी करायची आहे, अंधारी करायची आहे, आणि म्हातारी तुम्हीच व्हायचं. मी हो म्हटले. घरी बसून बसून कंटाळले होते, हे खरे कारण.

३) तिच्या सिनेमात म्हातारीला लेकीकडे जायची हौस नसते. मुलगा तिला पाठवतो. लेकीलाही ती जड होते, म्हणून लेक तिला कोहळ्यात बसवून परत लोटून देते. कोहळं मुलाच्या दारी येतं तर तो पायानेच त्याला वळवतो. असं ते इकडून तिकडे, तिकडून इकडे गडगडत राहतं आणि शेवटी रानात थांबतं. साऱ्या सिनेमात वाघच तेवढा तिची वाट पाहत असतो. शेवटी ती कोहळ्यातून त्यालाच हाक मारते, आणि सिनेमा संपतो. सेमाडोहच्या रानात जाऊन तो शेवट घेतला. वाघ काही आला नाही, पण गोष्टीला त्याची गरजही पडली नाही.

४) आता मुख्य चूक कुठे झाली ते लिहिते. पोरीजवळ पैसा नव्हता. नट आणायचे तर त्यांचं जाणं-येणं, राहणं आलं. तेव्हा तिने माझ्या मुलाला, नितेशला, मुलाचे काम दिले आणि माझ्या मुलीला, पौर्णिमाला, मुलीचे. पौर्णिमा अकोल्याला दिलेली आहे. दोघेही हौसेने आले. नितेशने तर दाढी कोरून घेतली. घर आमचेच, दारावरची पाटी आमचीच, ताट-वाट्या माझ्या सुनेच्या, गीतांजलीच्या. सिनेमाच्या शेवटी नावांची पट्टी जाते त्यात लिहिले : आई वच्छला, मुलगा नितेश, मुलगी पौर्णिमा. लेकरांना वाटलं आपली नावं पडद्यावर आली, लय भारी झालं. खोटं नाव लावावं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्हाला नाव म्हणजे आपलंच लावायचं एवढंच माहीत.

५) समाजमंदिरात चादर बांधून सिनेमा दाखवला, तेव्हा आपल्या पदावरचे तत्कालीन साहेब प्रमुख पाहुणे होते. साहेब फार सहृदय होते. सिनेमा संपल्यावर त्यांनी डोळे पुसले, माझ्या पायाला हात लावला आणि गाडीत बसले. गावाने टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात नितेश व पौर्णिमा यांना आईचा छळ केल्याबाबत नोटीस आली. आम्ही आधी हसलो. मग वकील केला.

६) सुनावणीत दोघांनीही सांगितले की तो अभिनय होता. साहेबांनी विचारले, नितेशच्या तोंडचे वाक्य कोणी लिहून दिले? त्यावर नितेशने माझ्याकडे पाहिले. महोदय, हे मला आपल्यापासून लपवायचे नाही. आकांक्षाने बाकी सगळे लिहून दिले होते. त्या एका प्रसंगाचा कागद तेवढा तयार नव्हता. ती म्हणाली, घरी बोलता तसंच बोला. नितेशने ताटावरून उठता उठता म्हटले, "माय, तू जाय ना पौर्णिमाकडे दोन महिने. काहून इथंच बसून राह्यली?" हे वाक्य तो घरी बोलतो. पिकाचं बिनसलं, बायकोशी वाजलं की बोलतो. मलाही राग येतो. मी म्हणते, जातो बापा, तुह्या घरात सोनं गाडून नाही ठेवलं मी. मग पिशवी भरते, पौर्णिमाकडे जाते, तिच्या हातची कोहळ्याची तळलेली गोड बोंडं खाते, जावयांशी पत्ते खेळते, आणि करमेनासं झालं की कोणाला न विचारता परत येते. घरात त्या वाक्यानंतर चहा होतो. सिनेमात त्या वाक्यानंतर अंधार झाला. साहेबांनी अंधार पाहिला, चहा त्यांना कोणी दाखवलाच नाही.

माझी मुले फार गुणाची आहेत असे माझे म्हणणे नाही. ती चारचौघांच्या मुलांसारखी आहेत. कधी विचारतात, कधी विसरतात. एवढ्यावर माझे भागत होते.

७) आदेशाने माझ्या हिताच्या पुढील गोष्टी ठरवून दिल्या. मी दोन महिने मुलाकडे, दोन महिने मुलीकडे राहायचे. ताबा देताना लेखी पावती करायची. माझ्या जेवणाचे फोटो ठेवायचे. दरमहा आरोग्य उपकेंद्रात माझे वजन करायचे. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. कागदावर वाचताना मलाही बरे वाटले होते. अमलात काय झाले ते लिहिते.

जेवण : फोटो निघाल्याशिवाय मला घास घेता येत नाही. सून ताट मांडते, मग उजेड नाही म्हणून ताट अंगणात नेते, मग मला ताटामागे बसवते, मग मी हसत नाही म्हणून पुन्हा काढते. तोवर पोळी गार होते. मला रात्री ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा लागतो. जन्मभर तेच खाल्ले. पण भाकर-ठेचा फोटोत गरिबीचा दिसतो असे वकिलाने सांगितल्यामुळे तो बंद झाला आहे. रोज वरण, भात, दोन भाज्या, तूप, लिंबाची फोड. गीतांजली बिचारी रडकुंडीला येते. मला म्हणाली, आत्याबाई, तुमच्या लग्नात बी एवढे फोटो निघाले नसतीन. खरंच निघाले नव्हते.

वजन : गावातल्या दोन पिढ्यांची वजनं मी घेतली. पोरगं काट्यावर हललं तर आकडा हलतो, हे मला कोणी शिकवायला नको. मुलीकडून आले तेव्हा वजन वाढलेले निघाले, मुलाकडे पुन्हा कमी. थंडीत शाल होती, उन्हाळ्यात नव्हती, एवढाच फरक. तरी नितेशला कारणे दाखवा नोटीस गेली. तेव्हापासून नितेश मला चपला घालून काट्यावर उभं करतो, आणि पौर्णिमा वजनाच्या आधी तांब्याभर पाणी पाजते. दोघेही एकमेकांची लबाडी उपकेंद्रातल्या बाईंना सांगतात. गोष्टीतली म्हातारी लेकीकडे जाऊन जाड होते, हे खरे. पण तिच्या लेकीला कोणी त्याचा दाखला मागितला नव्हता.

ताबा : बोरखडी आणि अकोला यांच्या मध्ये म्हणून मूर्तिजापूर स्थानक ठरले आहे. नितेश मला तिथवर आणतो, पौर्णिमा अकोल्याहून येते. बाकावर कागद ठेवून दोन प्रतींत सह्या होतात. पावतीचा मजकूर वकिलाने तयार केलेला आहे : "ज्येष्ठ नागरिक सुस्थितीत मिळाल्या." पूर्वी ही दोघं भेटली की एकमेकांच्या लेकरांना खाऊ द्यायची. आता सह्या करतात आणि आपापल्या गाडीकडे वळतात. राखीला पौर्णिमा आली नाही. तिने राखी पाकिटात घालून पाठवली आणि पाकीट रजिस्टर केले.

८) माझी खोली. अंगणाच्या टोकाला एक खोली आहे. गावात अंगणवाडीला इमारत नव्हती तेव्हा माझ्या मानधनातून मी ती बांधली, पोरं तिथेच बसायची. इमारत झाल्यावर ती माझी राहायची खोली झाली. नितेशच्या घरी मी जेवायची, झोपायला आणि भांडून बसायला माझी खोली. सिनेमाचे कोहळं त्याच खोलीत आहे. मूर्तिजापूरचे गादीवाले अब्दुल सत्तार यांनी ते बनवले. आत बांबूचा सांगाडा, त्यावर कापूस, वरून भगवं रेक्झिन. दारातून जात नव्हते म्हणून दोन फाका करून आत नेले आणि पुन्हा जोडले. शूटिंग संपले तेव्हा टेम्पोला पैसे उरले नव्हते. आकांक्षा म्हणाली, आजी, राहू दे काही दिवस. राहिलं. मी त्याच्या बाजूला खाट टाकून झोपत होते, पावसाळ्यात त्यावर लुगडं वाळत घालत होते. माझी काहीही हरकत नव्हती.

चौकशीला आलेल्या कर्मचाऱ्यांनी खिडकीतून पाहिले आणि पंचनाम्यात नोंद केली : "ज्येष्ठ नागरिकास कोंडून ठेवण्यासाठी वापरलेली गोलाकार वस्तू, एक." वस्तू हलवू नये म्हणून खोलीला बाहेरून कुलूप लावून लाखेचे सील केले. माझी खाट, माझी पेटी, पोरांनी काढलेली चित्रं, दिवंगत यजमानांच्या फोटोची चौकट, सगळं आत आहे. मी कोंडली जाऊ नये म्हणून माझी खोली कोंडली आहे.

कृपया हेही नोंदवून घ्यावे. मला बंद जागेची भीती वाटते. अब्दुल सत्तार यांनी कोहळं करायला घेतलं तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं की मी आत बसेन, पण कडी आतून पाहिजे. त्यांनी बाहेर काहीच ठेवले नाही, कडी आतून लावली. म्हणजे त्या कोहळ्यात मला मीच कोंडू शकते, दुसरं कोणी नाही. आत डोकावून पाहिलं असतं तर दिसलं असतं. तिन्ही अर्जांत मी हे लिहिले आहे.

९) आता मागच्या महिन्यातली घटना, जिच्यामुळे हा अर्ज लिहिणे भाग पडले. ताबा बदलायचा दिवस होता. नितेशच्या हिशेबाने त्याची मुदत त्या दिवशी संपत होती, पौर्णिमाच्या हिशेबाने तिची दुसऱ्या दिवशी सुरू होत होती. नितेशने मला स्थानकावर बसवून तिला फोन लावला. ती म्हणाली, आज घेतलं तर आदेशाचा भंग होतो. तो म्हणाला, परत नेलं तर माझ्याकडून भंग होतो. बराच वेळ दोघं बोलत राहिले. माझ्याशी कोणी बोललं नाही. मग नितेश माझ्या पायाशी पिशवी ठेवून म्हणाला, "माय, तू बस. ते येते." त्याचा चेहरा पाहवत नव्हता. तो गेला. ती आली नाही. दोघांनाही दोष देता येत नाही, दोघेही आदेश पाळत होते.

महोदय, त्या बाकावर मी कोणाच्याच ताब्यात नव्हते. आधी रडू आलं. मग भूक लागली. गाड्यावरची गरम भजी घेतली आणि फोटो न काढता खाल्ली. लय दिवसांनी अन्नाला चव आली.

दिवे लागता लागता अब्दुल सत्तार कापसाचे गठ्ठे सोडवायला स्थानकावर आले. मला पाहून म्हणाले, "बाई, इथं काहून बसल्या?" ते मला घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोने, अनवरीबींनी, काहीही न विचारता भाकर टाकली. भाकरच टाकली. त्यांची नात अरीबा पाच-सहा वर्षांची आहे. तिला कळलं होतं की दादाजींनी बनवलेल्या कोहळ्यात बसलेली दादी हीच. ती गोष्ट सांगा म्हणून मागे लागली. मी सांगितली. सिनेमातली नाही, जुनीच. वाघ फसतो, कोहळं गडगडत निघून जातं. अंगणवाडीत इथे आलं की पोरं टाळ्या पिटायची आणि मी डबे उघडायला सांगायची. या पोरीने टाळी वाजवली नाही. तिने विचारलं, "फिर दादी उतरी कहाँ?"

मी म्हटलं, तिच्या घरी.

म्हणजे मुलाच्या? पोरीने विचारलं नाही, मीच मनात विचारलं. आणि माझ्या ध्यानात आलं की त्या गोष्टीत मुलगा नाहीच. म्हातारीचं स्वतःचं घर असतं, गावाच्या टोकाला, एकटीचं. तिथूनच ती निघते आणि तिथेच येते. लेकीकडे ती पाहुणी म्हणून जाते. जायची तारीख तीच ठरवते, यायचीही तीच. तेहतीस वर्षे मी गोष्ट सांगितली आणि वाघाकडेच पाहत राहिले.

१०) दुसऱ्या दिवशी पौर्णिमा मला तिथून घेऊन गेली आणि पावतीत तसे लिहिले. त्या मुक्कामाबाबत नितेश व पौर्णिमा या दोघांकडून खुलासा मागवण्यात आला आहे. ते एक वेळ ठीक. परंतु आदेश नसताना ज्येष्ठ नागरिकास ठेवून घेतल्याबद्दल अब्दुल सत्तार यांनाही नोटीस गेली आहे. ज्याने भाकर दिली त्याला आता ती काहून दिली हे लिहून द्यावं लागणार. नोटीस घेऊन ते अकोल्याला मला भेटायला आले तेव्हा मला त्यांच्याकडे पाहता आलं नाही. मला लाज वाटली. ते म्हणाले, जाने दो बाई, आपण कोर्टात कोहळं आणून दाखवू. कोहळं सीलमध्ये आहे, हे मी त्यांना सांगितलं.

आकांक्षालाही फोन केला. तिच्या सिनेमाला परदेशात कुठेतरी बक्षीस मिळाले. ती फोनवर रडली. म्हणाली, आजी, मी शपथपत्र देते की सगळं काल्पनिक आहे. तिने दिलेही. आपल्या कार्यालयाने ते दप्तरी दाखल केले. मी तिला दोष देत नाही. तिने सिनेमा चांगला केला. इतका चांगला केला की आम्ही सगळे आता त्यातच राहतो.

११) तरी आपणांस हात जोडून विनंती की,

अ) अब्दुल सत्तार यांना दिलेली नोटीस सर्वात आधी मागे घ्यावी. बाकीचं मागून झालं तरी चालेल.

आ) ताबा, पावती, फोटो आणि वजन हे सर्व बंद करावे. नितेश मला जाय म्हणेल, मी जाईन किंवा जाणार नाही. पौर्णिमा मला बोलावील किंवा बोलावणार नाही. हे आमचं आम्हाला भांडू द्यावं. दोघांनी एकमेकांशी पुन्हा बोलावं एवढीच माझी इच्छा आहे, आणि सह्या करता करता ते होणार नाही. आदेशाआधी मी लेकीकडे जात होते. आता मला लेकीकडे पोचवतात. यातला फरक पावतीत लिहिता येत नाही.

इ) माझ्या खोलीचे सील काढावे. पुराव्याची वस्तू हलवायला परवानगी नसेल तर हलवू नये. जागा पुरते, मी त्याच्या बाजूला आधीही राहिले आहे. कोहळं जिथे आहे तिथे राहू द्यावं आणि मलाही.

ई) सील काढायला माणूस येईल तेव्हा त्याने एकदा आत बसून पाहावे ही विनंती. कडी जरा घट्ट आहे, उजव्या हाताने वर उचलून सरकवावी लागते. एकदा लागली की बाहेरून कोणालाही उघडता येत नाही. मला अशीच एक जागा पाहिजे आहे. माझ्या खोलीलाही आतून कडी आहे, फक्त सध्या मी बाहेर आहे.

पुढील ताबा एक तारखेला आहे. त्याआधी निर्णय झाला तर मूर्तिजापूरला जायचे वाचेल. उत्तर कोणत्या पत्त्यावर पाठवावे हे मला सांगता येत नाही, म्हणून मीच येऊन विचारून जाईन.

आपली, थकलेली तरी नम्र,

(सही)
वच्छला खुशालराव ढोके
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) ताबा पावत्या, सर्व. प्रत्येकीत मी सुस्थितीत आहे.
२) जेवणाचे फोटो, एक पिशवी. नको असल्यास सुनेला परत द्यावेत, तिने मेहनत केली आहे.
३) वजनाचे कार्ड. शाल व चपला वजा करून वाचावे.
४) यापूर्वीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या.
५) माझ्या खोलीची किल्ली. सरकारी कुलपाला ती लागत नाही हे मला माहीत आहे. पण ते कुलूप निघाल्यावर लागेल, म्हणून आपल्याकडे ठेवते. मूळ आहे, परत मिळावी.